बौद्धांच्या देशात पावणेपाच वर्षे

श्रीलंकेत राहून आलो असे सांगितले की आपल्या वस्तीतली माणसे आम्हाला दोन प्रश्न विचारतात. पहिला, "तिकडे सगळे बौद्धच ना?" आणि दुसरा, "मग तिकडे जात नसेलच!" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. शंभरात सत्तर माणसे बौद्ध, बाकी हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती. दुसऱ्याचे उत्तर द्यायला वेळ लागतो. दारात उभ्याउभ्या ते सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमच्यातला एक शिलाई मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोलंबोजवळच्या बियगम औद्योगिक वसाहतीत, कपड्यांच्या एका कारखान्यात दोन वर्षांच्या करारावर काम मिळाले. दुसरी घरी ब्लाउज शिवणारी, ती बरोबर गेली. करार वाढत गेला आणि आम्ही ऑगस्ट २०२२ मध्ये परतलो. राहायला केलणिया गावात दोन खोल्या मिळाल्या. घराला लागून काढलेल्या अशा भाड्याच्या खोल्यांना तिकडे ॲनेक्स म्हणतात. घरमालकीण शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, विधवा, एक मुलगी. आम्ही त्यांना अक्का म्हणू लागलो आणि मग कळले की सिंहलीतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात.

पण धाकट्या बहिणीला तिकडे 'नंगी' म्हणतात! पहिल्याच दिवशी अक्कांनी कुंपणावरून मोठ्याने "नंगी, नंगी" अशी हाक मारली तेव्हा आमच्यातल्या बाईमाणसाने आधी पदर सावरला आणि मग नवऱ्याकडे बघितले. पुढे सगळी गल्ली त्याच नावाने हाक मारू लागली. सवय झाली. मात्र गावाकडे फोनवर बोलताना मागून ती हाक ऐकू गेली की सासूबाईंना दर वेळी समजावून सांगावे लागे.

सिंहली भाषा आपल्या भाषेची लांबची नातेवाईक आहे. भाताला 'बत', तेलाला 'तेल', गावाला 'गम', आठाला 'अट', दहाला 'दहय'. पावाला 'पान' म्हणतात. आपला पाव आणि त्यांचे पान दोन्ही पोर्तुगीजांनी दिलेले. सहा महिन्यांत बाजारहाट जमू लागला. नारळ आणि मिरची यांचा 'पोल सांबोल' आम्हाला इतका आवडला की आजही आमच्या घरी आठवड्यातून एकदा होतो.

आता धम्माचे. तिकडे प्रत्येक पौर्णिमेला 'पोया' म्हणतात आणि प्रत्येक पोयाला सरकारी सुट्टी असते. वर्षाच्या बारा-तेरा सुट्ट्या नुसत्या पौर्णिमेच्या! त्या दिवशी दारूची दुकाने बंद, मटणाची बंद. आम्ही गेल्यावरची पहिली पोया ३ डिसेंबरला आली. तिला 'उंदुवप' म्हणतात. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेत उतरली तो हा दिवस. आम्ही बॅगेतून पांढरे कपडे काढले. साडी दीक्षाभूमीला जाताना घेतलेली होती. केलणियाच्या महाविहारात पोचलो तर माणसांचा पांढरा समुद्र. म्हाताऱ्या बाया सकाळपासून अष्टशील घेऊन झाडाखाली चटईवर बसलेल्या, मुले लहान लहान भांड्यांतून बोधिवृक्षाला पाणी घालत होती, खोबरेल तेलाचे दिवे, चाफा आणि कमळांची तबके. भन्तेंनी त्रिसरण-पंचशील सुरू केले. हेल थोडा वेगळा, पण शब्द तेच. आपल्या वस्तीच्या विहारात, पत्र्याखाली, बौद्धाचार्यांच्या मागे लहानपणापासून म्हटलेले शब्द. भाषेचा एक शब्द येत नव्हता तरी आम्ही दोघे त्या हजारो माणसांबरोबर न अडखळता म्हणत होतो. शेजारच्या आजीने वळून बघितले आणि विचारले, "इंदियाव?" आम्ही मान हलवली. तिने आपल्या तबकातली दोन कमळे उचलून आमच्या हातात दिली. परदेशात आहोत असे त्या दिवशी वाटले नाही.

त्याच आवारात विहाराशेजारी एक 'देवालय' आहे आणि तिथे विभीषणाची पूजा होते. होय, रामायणातला विभीषण! तो केलणियाचा रक्षक देव मानला जातो. इतर ठिकाणी विष्णू आहे, कतरगम नावाचा देव आहे. माणसे बुद्धाला फुले वाहतात आणि नोकरी, खटला, आजार यांचे नवस बोलायला पलीकडे जातात. फळांचे ताट घेऊन बायांची रांग लागलेली असते. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या माणसांनी तिथे काय करायचे? आम्ही बाहेर चपलांजवळ उभे राहिलो. अक्कांना याचे नवल वाटायचे. "बुद्ध निर्वाणासाठी, देव रोजच्या अडचणींसाठी," असे त्या म्हणत. आमच्या अडचणी सोडवायला घटना लिहिणारा माणूस लागला, हे त्यांना सिंहलीत कसे सांगावे ते तेव्हा आम्हाला येत नव्हते.

केलणियाचे आणि आपले एक जुने नाते आहे, ते फार जणांना ठाऊक नसते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी १९२८ मध्ये इथल्याच विद्यालंकार परिवेणात दीक्षा घेतली. पुढे त्या परिवेणाचे विद्यापीठ झाले तेव्हा तिथे हिंदी शिकवली, आणि आयुष्याच्या अखेरीस नागपुरात येऊन आपल्या लोकांत राहिले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचा हिंदी अनुवाद त्यांचाच. आमच्या गल्लीतल्या लहान विहाराच्या वृद्ध भन्तेंना त्यांचे नाव माहीत होते. बाबासाहेबांचेही माहीत होते, पण एवढेच की भारतात एका मोठ्या वकिलाने पुष्कळ लोकांना बौद्ध केले.

खुद्द बाबासाहेब १९५० मध्ये लंकेत आले होते. मे महिन्याच्या अखेरीस कँडीला जागतिक बौद्ध परिषद भरली, तिला ते हजर राहिले. बौद्ध धम्म या देशात पुस्तकापुरता आहे की माणसांच्या जगण्यात आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. कोलंबोच्या सभेत तिथल्या अस्पृश्यांनाही त्यांनी बौद्ध व्हा असे आवाहन केले. लंकेत अस्पृश्य कुठले, असे आम्हालाही वाटले होते. मग आम्ही कँडीहून पुढे डोंगरातली रेल्वे धरली. नानुओयापर्यंत खिडकीतून नुसते चहाचे मळे दिसतात. प्रवासी फोटो काढतात. आम्हाला पाठीवर टोपल्या घेऊन उतारावर उभ्या असलेल्या बाया दिसल्या आणि त्यांच्या राहण्याच्या 'लाइनी' दिसल्या. एका पत्र्याखाली ओळीने दहा-बारा खोल्या, बाहेर एक नळ. चाळीत वाढलेल्या माणसाला ते चित्र समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तमिळनाडूतून आणलेले हे मजूर, त्यात मोठा भाग तिकडच्या दलितांचा. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ च्या कायद्याने यांतल्या बहुतेकांना नागरिकत्वच मिळाले नाही. उरलेल्यांचा प्रश्न सुटायला २००३ साल उजाडले. दिवसाला हजार रुपये मजुरी द्या, ही मागणी त्यांनी कित्येक वर्षे केली, ती मार्च २०२१ मध्ये मान्य झाली. तेव्हा आपल्या पैशांत ते चारशेसुद्धा होत नव्हते. आपण चहा पितो तो असा.

असो. जातीकडे येतो.

तिकडचे नववर्ष १३ आणि १४ एप्रिलला असते. म्हणजे आपली भीमजयंती आणि त्यांचा सर्वांत मोठा सण एकाच दिवशी! २०१८ च्या १४ एप्रिलला आम्ही खोलीत बाबासाहेबांची तसबीर मांडली, मेणबत्ती लावली, वंदना घेतली. बाहेर सगळीकडे फटाके. आम्ही दोघांनी ठरवून टाकले की हे फटाके जयंतीचेच आहेत. तेवढ्यात अक्का 'किरिबत' घेऊन आल्या. नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या वड्या असतात. त्यांनी तसबीर पाहिली, चौकशी केली. आम्ही मोडक्या सिंहलीत आणि इंग्रजीत सगळे सांगितले. त्या मन लावून ऐकत होत्या. मग सहज विचारले, "तिकडे तुमचे कुळ कोणते?" सिंहलीत जातीला 'कुलय' म्हणतात.

आम्ही म्हटले, "बौद्ध."

"ते झाले. त्याआधी?"

"त्याआधी जे होते ते आमच्या आजोबांनी १९५६ साली नागपुरात सोडले."

मग आजोबांची विहीर, गावकुसाबाहेरचे घर, मेलेली गुरे, सारे सांगितले. अक्कांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले. "भारतात फार वाईट," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तसे काही नाही. बुद्धाने जात मानली नाही." खोटे कशाला सांगा, त्यानंतरही त्यांच्याकडून ताट येणे एक दिवस थांबले नाही.

दोन महिन्यांनी रविवारच्या वर्तमानपत्रात मुलीसाठी जाहिरात द्यायची म्हणून त्यांनी आमच्याकडून इंग्रजी तपासून घेतले. पहिलीच दोन अक्षरे होती 'जी बी'. आम्हाला कळेना. त्यांनी सांगितले, "गोविगम बौद्ध." गोवी म्हणजे शेतकरी, तिकडची ही सर्वांत वरची जात. मग आम्ही ते पान पूर्ण वाचले. ओळीने 'जी बी'. कुठे 'के बी', म्हणजे करावे, कोळी. बुद्धाच्या नावाला जात अशी हायफन लावून जोडलेली आम्ही पहिल्यांदा पाहिली.

गल्लीतल्या भन्तेंना विचारले. त्यांनी लपवले नाही. १७५३ मध्ये सयामहून भिक्खू आणून लंकेत उपसंपदा पुन्हा सुरू झाली, तो सयाम निकाय. थोड्याच वर्षांत ठरले की त्यात फक्त गोविगमांनाच उपसंपदा द्यायची. मग दालचिनी सोलणाऱ्या जातीचे लोक १८०० च्या सुमारास थेट ब्रह्मदेशात अमरपुरला गेले, तिथून उपसंपदा घेऊन आले आणि आपला वेगळा अमरपुर निकाय काढला. ही गोष्ट ऐकून आम्हाला त्या दालचिनीवाल्यांचे फार कौतुक वाटले. दार बंद केले तर समुद्र ओलांडून दुसरे दार गाठले! जुना नियम आजही सुटलेला नाही. भन्ते म्हणाले, "धम्मात जात नाही. चीवर नेसणारा मात्र कुणाच्या तरी घरातून येतो."

विहारात ढोल वाजवणाऱ्यांचीही जात आहे, 'बेरवा'. ढोलाशिवाय पूजा नाही, मिरवणूक नाही, आणि वाजवणाऱ्याच्या घरात सोयरीक नाही. आपल्याकडे हलगीशिवाय कुणाचे लग्न आणि कुणाची यात्रा होत नव्हती, आणि हलगीवाल्याला मांडवाबाहेर बसवत, तेच.

अक्कांच्या मुलीचे मन अशाच एका घरातल्या मुलावर होते. तो आमच्याच कारखान्यात कापड तपासणीला. त्याचा चुलता जानेवारीत केलणियाच्या मिरवणुकीत ढोल वाजवायचा. ही गोष्ट ती आमच्याकडे २०२० च्या संचारबंदीत बोलली. त्या वर्षीची वैशाख पौर्णिमा सगळ्या देशाने घरात बसून काढली. एरवी वेसाकला रस्तोरस्ती कागदी कंदील, विजेच्या दिव्यांच्या कमानी आणि फुकट जेवणाचे 'दन्सल' असतात. ६ डिसेंबरला दादरला आपले कार्यकर्ते जसे येणाऱ्या प्रत्येकाला जेवू घालतात तसेच. २०१८ च्या वेसाकसाठी तर सरकारने १ मे चा कामगार दिनच ७ तारखेला ढकलला होता आणि कामगार संघटना चिडल्या होत्या. २०१९ मध्ये ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनंतर बंदुकांच्या पहाऱ्यात कंदील लागले. आणि २०२० मध्ये अक्कांच्या ओट्यावर आम्ही चौघांनी बांबूच्या काड्यांचा एक कंदील केला. त्या रात्री अक्का झोपल्यावर मुलीने विचारले, "तुमच्याकडे लोक आडनाव बदलतात म्हणता. त्याने प्रश्न सुटतो का?" तिकडेही वर्तमानपत्रात नाव बदलल्याच्या जाहिराती असतात, कारण घराण्याच्या नावावरून जात कळते. त्या मुलाने तो विचार चालवला होता.

आम्ही म्हटले, "आडनाव बदलून भाड्याची खोली मिळते. लग्नाच्या वेळी पुन्हा गावाचे नाव विचारतात."

तिची इच्छा होती की आम्ही अक्कांशी बोलावे. आम्ही रात्रभर विचार केला. संचारबंदी चालू, विमाने बंद, अक्कांनी खोली सोडा म्हटले असते तर जायचे कुठे? पण आजोबांच्या विहिरीची गोष्ट सांगून त्यांचे अश्रू घेतले होते, आणि इथे गप्प बसायचे, हे दोघांनाही पटेना. बोललो. अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही परदेशी आहात. हे तुम्हाला कळणार नाही."

"अक्का," आम्ही म्हटले, "या देशातले तेवढे एकच आम्हाला नीट कळते."

त्यांनी खोली सोडा म्हटले नाही. पण दोन महिने बोलल्या नाहीत. ताट बंद झाले. विजेचे बिल दाराखालून सरकवायच्या.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मुलीने नोंदणी पद्धतीने लग्न केले. अक्का आल्या नाहीत. आम्ही पांढरे कपडे घालून गेलो. तिकडे भिक्खू लग्न लावत नाहीत. लग्नात पांढऱ्या पोशाखातल्या मुली उभ्या राहून जयमंगल गाथा म्हणतात. पण या लग्नात मुली कोण पाठवणार? सह्या झाल्या आणि सगळे गप्प उभे. तेव्हा आम्ही दोघांनी हात जोडून जयमंगल अष्टगाथा सुरू केली. आपल्या प्रत्येक मांडवात म्हणतो तीच. दुसऱ्या गाथेला नवऱ्या मुलाची आई आमच्यात मिसळली, मग तो ढोल वाजवणारा चुलता. आठही गाथा झाल्या. नंतर तो चुलता आमचे हात धरून विचारत होता, "हे तुम्हाला कुणी शिकवले?"

त्यानंतरचे वर्ष त्या देशाला फार वाईट गेले. २०२२ च्या मार्चअखेर दिवसाचे तेरा तास वीज नव्हती. दोनशे रुपयांचा डॉलर मे महिन्यापर्यंत तीनशेसाठवर गेला आणि आमचा पगार, जो गावाकडे पाठवायचा, तो हातातच आटला. दूध पावडर नाही, रॉकेल नाही, पेट्रोलसाठी दोन-दोन दिवस रांग. नऊ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात शिरले. गॅस तर औषधालाही मिळेना. अक्का सत्तरीला टेकलेल्या, परसात तीन दगड मांडून ओल्या लाकडांवर भात शिजवायच्या आणि खोकत बसायच्या.

एके पहाटे फाटक वाजले. जावई होता. दोन रात्री रांगेत काढून मिळालेला सिलिंडर त्याने सायकलवर बांधून आणला होता. अक्का फाटकापाशी गेल्या. काय बोलणे झाले ते आम्हाला ऐकू आले नाही. त्यांनी सिलिंडर आत घेतला आणि तो बाहेरूनच परतला. महिनाभराने दुसरा आणला तेव्हा त्यांनी त्याला ओट्यावर बसवून चहा दिला. आमच्याच कपात दिला, म्हणजे आम्हाला जो कप देत तो. आमचा कप वेगळा होता, हे पावणेपाच वर्षांत आम्हाला तेव्हा कळले. हसावे की काय करावे, दोघांनाही सुचेना. ऑगस्टमध्ये आम्ही निघालो तेव्हा अक्का रडल्या, आम्हीही रडलो. तो कप आम्ही मागून बरोबर आणला. आमच्या मोरीवरच्या फळीवर आहे, घरातले सगळे त्यातून चहा पितात.

मुलीचा अधूनमधून फोन येतो. तिला आता मुलगा आहे. अक्का त्याला पोयाला विहारात घेऊन जातात, ढोल सुरू झाला की तो मांडीवर ताल धरतो म्हणे. जावई आता आत जेवायला बसतो. त्याच्या आईच्या घरी अक्का अजून गेलेल्या नाहीत.